मेट्रोनोमचे ठोके कमी करत न्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हल्ली तबला, हार्मोनियम, सतार, बासरी शिकणाऱ्या बहुतेक मुलांच्या घरी फोनवर मेट्रोनोमचे, म्हणजे ठरवलेल्या गतीने सारखी टिकटिक देणाऱ्या यंत्राचे, नाहीतर तबल्याचे ॲप असतेच. रियाजाला बसताना ते सुरू होते आणि उठताना बंद होते. वर्षभर हे नेमाने चालते. मग परीक्षेत परीक्षक सांगतात, ‘हाताने ताल धर आणि झपतालाचा ठेका ठाय आणि दुगुन म्हण.’ (ठेका म्हणजे तालाचे ठरलेले बोल, ठाय म्हणजे मूळ लय आणि दुगुन म्हणजे तिची दुप्पट.) तिथे टाळी आणि बोल यांची फारकत होते. दुगुनीतून ठायीत परतताना मूल एक मात्रा, म्हणजे तालातले एक माप, खाऊन बसते. पालकांना वाटते, घाबरला असेल, घरी तर रोज तालात वाजवतो. पण घरी लय यंत्र सांभाळत असते, त्यामुळे ती सांभाळायची वेळ मुलावर कधी आलेलीच नसते.

आम्ही तबला आणि हार्मोनियम शिकवतो. मेट्रोनोमला आमचा विरोध नाही, उलट प्रत्येक विद्यार्थ्याने तो वापरावा असेच आमचे मत आहे. आमचे म्हणणे वापरण्याच्या रीतीबद्दल आहे. सुरुवातीला ठोके भरपूर असावेत आणि हात बसेल तसे ते कमी करत न्यावेत, इतके की शेवटी आवर्तनात (तालाच्या एका पूर्ण फेरीत) समेवरचा, म्हणजे पहिल्या मात्रेवरचा, एकच ठोका उरावा. ही रीत कशी आणि तिच्यात मुले कुठे अडखळतात, हे आपल्या वाचकांपुढे, विशेषतः पालकांपुढे, मांडावे म्हणून हे पत्र.

आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. फोनवर वाजणारे सगळेच एका कामाचे नसते. नुसती टिकटिक फक्त लय दाखवते, म्हणजे दोन मात्रांमधले अंतर सारखे आहे की नाही एवढेच सांगते. सम कुठे, खाली (टाळी न देता हात बाजूला न्यायची जागा) कुठे, हे तिच्यातून कळत नाही. तबल्याचा ठेका लावला की तालातली जागा कळते. सोळा मात्रांच्या तीनतालात दहाव्या मात्रेपासून डग्ग्याचा (डाव्या हाताने वाजणाऱ्या भागाचा) घुमारा थांबतो आणि चौदाव्या मात्रेला परत येतो, त्यावरून जाणकार कान डोळे मिटूनही ‘खाली गेली, सम येतेय’ हे ओळखतो. लेहऱ्यात हार्मोनियमची किंवा सारंगीची एकच सुरावट फिरत राहते आणि समेची जागा सुरावरून कळते. गाणाऱ्याला आणि सतारवाल्याला ठेका लागतो, स्वतंत्र तबला वाजवणाऱ्याला लेहरा लागतो. पण ठेका किंवा लेहरा चालू असताना कानाला इतका आवाज असतो की दोन बोलांमधली किरकोळ गडबड त्यात झाकली जाते. कोरड्या टिकटिकीपुढे ती लगेच उघडी पडते. म्हणून दोन्ही हवे, पण वेगवेगळ्या वेळी आणि वेगवेगळ्या कामासाठी.

काही बुजुर्ग म्हणतात की हे यंत्र आपले नव्हेच. ते खरे आहे. लंबकाचे असे यंत्र विंकेल नावाच्या कारागिराने १८१४ मध्ये ॲमस्टरडॅमला बनवले, मेल्झेलने त्याला मोजपट्टी जोडून १८१५ मध्ये पेटंट घेतले आणि १८१७ मध्ये बेथोवेनने आपल्या सिम्फनींना लयीचे आकडेही देऊन टाकले. आपल्याकडे विलंबित, मध्य, द्रुत या लयी आकड्यांत बांधलेल्या नाहीत आणि तसे बांधायची गरजही नाही. पण बुजुर्गांच्या काळी समोर बसलेले गुरुजी तासन् तास हातावर ताल धरत. आज आठवड्यातून दोनदा तासभर क्लास आणि बाकीचे पाच दिवस मूल एकटेच, अशी स्थिती आहे. त्या पाच दिवसांपुरता तरी काही आधार हवाच.

वाद्याला हात लावण्याआधी ताल हातावर आणि तोंडात यायला हवा. ही पायरी गाळली की पुढचे सगळे डळमळते. झपताल घ्या: धी ना । धी धी ना । ती ना । धी धी ना. दहा मात्रा, दोन-तीन-दोन-तीन असे विभाग. पहिल्या, तिसऱ्या आणि आठव्या मात्रेला टाळी, सहाव्या मात्रेला खाली, म्हणजे हात उलटा करून बाजूला. मधल्या मात्रा बोटांवर मोजायच्या. मिनिटाला ६० ठोके लावून ठेका तोंडाने म्हणत हाताने ताल धरावा. इथे नेहमी दिसणारी चूक अशी की मूल खालीला हात नुसता उडवते आणि सहावी मात्रा आखूड होते. टाळीला आवाज असतो, खालीला नसतो, म्हणून हात तिथे थांबायला राजी नसतो. खालीच्या वेळी हात शेवटपर्यंत नेऊन सावकाश आणायला लावले की चूक जाते.

६० ठोक्यांसाठी फोनही लागत नाही. टिकटिक करत काटा पुढे सरकवणारे भिंतीवरचे घड्याळ मिनिटाला बरोबर ६० ठोके देते. (काटा न थांबता सरकत राहणारे, बिनआवाजाचे घड्याळ मात्र चालत नाही.) झपतालाचे आवर्तन त्यावर दहा सेकंदांचे होते. सेकंदकाटा १२ वर असताना सम घेतली तर पुढची सम २ वर, मग ४, ६, ८, १० आणि पुन्हा १२ वर. एका मिनिटात सहा आवर्तने. काटा ५ वर किंवा ११ वर असताना मुलाची सम आली तर काहीतरी चुकले, हे कुणीही न सांगता त्याला दिसते. बारा मात्रांच्या एकतालाची मिनिटाला पाच आवर्तने होतात, सहा मात्रांच्या दादऱ्याची दहा. तीनतालाचे आवर्तन सोळा सेकंदांचे, त्यामुळे ते १२ च्या आकड्यावर थेट चार मिनिटांनी, पंधरा आवर्तनांनंतर परत येते. क्लासच्या भिंतीवर असे एक जुने, आवाज करणारे घड्याळ जरूर असावे.

आता वाद्यावर. गती किती ठेवायची हा पालकांचा पहिला प्रश्न असतो. ज्या गतीला पूर्ण कायदा (तबल्यावरची बांधलेली बोलरचना) किंवा पूर्ण अलंकार (स्वरांचा ठरावीक नमुना) सलग पाच वेळा स्वच्छ वाजतो, ती सुरुवातीची गती. तिसऱ्या वेळेला अडखळला तर गती खाली आणायची, तिथेच रेटायचे नाही. पुढची वाढ किती करावी, याचे उत्तर जुन्या किल्लीच्या मेट्रोनोमच्या पट्टीवरच लिहिलेले आहे. त्यावर ४० पासून ६० पर्यंत दोन-दोनने आकडे वाढतात, ७२ पर्यंत तीन-तीनने, १२० पर्यंत चार-चारने, १४४ पर्यंत सहा-सहाने आणि पुढे २०८ पर्यंत आठ-आठने. म्हणजे दर पायरी साधारण तीन ते सहा टक्क्यांची. मुले मात्र प्रत्येक वेळी दहा आकड्यांची उडी मारतात. १६० वरून १७० ही उडी सहा टक्क्यांची झाली, पण ५० वरून ६० ही वीस टक्क्यांची. संथ लयीत दहा म्हणजे फार मोठी उडी, हे त्यांना कुणी सांगितलेले नसते.

‘धा धा ते टे । धा धा तू ना । ता ता ते टे । धा धा धी ना’ हा कायदा बहुतेक सगळे शिकतात. ६० वर एका ठोक्याला एक बोल, असे एक आवर्तन सोळा सेकंदांचे. ठोका तोच ठेवून दुगुन, मग चौगुन, आणि चौगुनीनंतर परत ठाय. परत येण्याची ही पायरी बहुतेक जण करतच नाहीत. चौगुनीत हात तापलेला असतो, त्यानंतर सेकंदाला एकच बोल वाजवताना हात ठोक्याच्या आधी पडतो. चढताना लय टिकली आणि उतरताना टिकली नाही, तर ती टिकलेली नाही असेच समजावे.

संथ लय अवघड वाटते त्याला कारण आहे. ४० ठोक्यांना दोन मात्रांमध्ये दीड सेकंदाची पोकळी असते. रिकाम्या पोकळीत अंदाज चालत नाही, ती भरावी लागते. प्रत्येक मात्रेत मनात ‘त-क-धि-मि’ असे चार समान भाग म्हणायचे, हात मात्र पहिल्या भागावरच पडू द्यायचा. विलंबित एकतालात हेच मोठ्या प्रमाणावर होते. मिनिटाला पंधरा मात्रांची लय असेल तर एक मात्रा चार सेकंदांची आणि आवर्तन अठ्ठेचाळीस सेकंदांचे. तिथे मेट्रोनोम १५ वर लावून काहीही साधत नाही. ६० वर लावावा आणि चार ठोक्यांची एक मात्रा धरावी. आठवड्या-दोन आठवड्यांनी ३० वर आणून दोन ठोक्यांची एक मात्रा करावी.

टिकटिकीचा सगळ्यात मोठा उपयोग असा की हात कायम एकाच जागी चुकतो, हे ती दाखवून देते. सगळीकडे थोडे थोडे चुकणारे मूल क्वचितच असते. तबल्यात ती जागा बहुधा ‘तिरकिट’ असते. ६० च्या लयीत एका मात्रेत तिरकिट बसवायचे तर प्रत्येक अक्षराला पाव सेकंद मिळतो. मुले ‘तिर’ घाईने उरकतात आणि ‘किट’पाशी खोळंबतात, कारण ‘कि’ला काम उजव्या हातातून डाव्या हाताकडे जाते. इथे कायदा पुन्हा पुन्हा पहिल्यापासून वाजवून उपयोग नाही. नुसते तिरकिट काढून १०० ठोक्यांवर प्रत्येक अक्षराला एक ठोका द्यावा, मग १०० वरच ठोक्याला दोन अक्षरे, मग ६० वर ठोक्याला चार. तिन्ही ठिकाणी चारही अक्षरांचा आवाज सारखा आला की मगच ते कायद्यात परत बसवावे.

हार्मोनियमवर ही जागा अंगठ्याची असते. पांढरी एकमध्ये (पहिल्या पांढऱ्या पट्टीला सा धरून) सा-रे-ग अंगठा, तर्जनी, मधले बोट असे वाजले की ‘म’ला अंगठा खालून न्यावा लागतो. सारेग, रेगम, गमप हा अलंकार दादऱ्यात बसवा आणि ऐका. ‘म’ प्रत्येक वेळी केसभर उशिरा येईल आणि ती कसर भरून काढायला ‘प’ लवकर येईल. उपाय म्हणून फक्त ‘ग-म-ग-म’ हे दोनच स्वर ६० वर दोन मिनिटे वाजवावेत. ‘ग’ वाजत असतानाच अंगठा ‘म’वर जाऊन थांबलेला हवा. दुसरी खोड डाव्या हाताची. काही मुले प्रत्येक ठोक्याला भाता ढकलतात आणि प्रत्येक मात्रेला सुराला हिसका बसतो. भाता ठोक्यावर चालवायचा नाही. हवा सतत पुरती राहील असा तो सावकाश, लांब चालला पाहिजे. लय उजव्या हाताची असते. सतारीवर हीच गोष्ट ‘दिर’ची: मिजराबचे (बोटात घालायच्या तारेच्या नखीचे) आत आणि बाहेर हे दोन आघात सारख्या अंतरावर पडत नाहीत, दुसरा पहिल्याला चिकटतो.

पायाने ताल धरणाऱ्या मुलांकडे जरा बारकाईने पाहावे. पुष्कळदा पाय ठोक्यामागे नसून मुलाच्या स्वतःच्या हातामागे जात असतो. हात चुकला की पायही चुकतो आणि मुलाला दोन्ही जुळल्याचे समाधान मिळते. वाजवता वाजवता मध्येच ‘हात थांबव, पाय चालू ठेव’ असे सांगावे. चार मात्रांत पाय अडखळला तर तो लय धरत नव्हता.

आता मुख्य गोष्ट, ठोके कमी करण्याची. समजा तीनताल मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत पक्का झाला आहे. मेट्रोनोम ६० वर आणावा, वाजवण्याची लय तीच ठेवावी. ठोका आता एक, तीन, पाच, सात अशा विषम मात्रांवर पडेल. पुढच्या दिवशी तोच ठोका दोन, चार, सहा अशा मात्रांवर आहे असे धरून वाजवावे. हे पहिल्याहून बरेच कठीण जाते, कारण हात ठोक्याला समेकडे ओढू पाहतो. मग ३० ठोके, म्हणजे एक, पाच, नऊ, तेरा, फक्त टाळ्या आणि खाली. त्यानंतर आवर्तनात फक्त समेला एकच ठोका. इतकी कमी गती बहुतेक ॲपमध्ये लागत नाही, पण पुष्कळ ॲपमध्ये सोळा ठोके मांडून त्यांतले नको ते गप्प करता येतात.

झपतालात हेच केले तर वेगळी मजा आहे. एकाआड एक मात्रेला ठोका ठेवला की तो १, ३, ५, ७, ९ वर येतो. पहिल्या दोन टाळ्यांना साथ मिळते, पण सहाव्या मात्रेची खाली आणि आठव्या मात्रेची टाळी ठोक्यांच्या मध्ये, मोकळ्या जागेत पडतात. आवर्तनाचा अर्धा भाग आधाराने आणि अर्धा स्वतःच्या बळावर. रूपकात तर मात्रा सात. पहिल्या आवर्तनात ठोका १, ३, ५, ७ वर, दुसऱ्यात २, ४, ६ वर आणि तिसऱ्यात पुन्हा समेवर. म्हणजे एका आवर्तनात सम ठोक्यावर आणि पुढच्यात ठोक्याच्या मधोमध. रूपकाची सम मुळातच खालीवर असल्याने ती निसटायची भीती जास्त. हा एक सराव रोज पाच मिनिटे महिनाभर केला तर लयीची पकड किती वाढते ते ज्याचे त्याला कळते.

ॲपमध्ये ठोके गप्प करायची सोय नसेल तर तिथे पालकांची मदत होते, आणि त्यासाठी त्यांना संगीत येण्याची मुळीच गरज नाही. मूल झपताल वाजवते आहे, ठेका ६० वर चालू आहे. आईने फोन हातात घ्यावा, मुलाने समेला मान हलवावी. पहिली तीन आवर्तने आवाज असू द्यावा. चौथ्या समेला आवाज पूर्ण बंद करावा, यंत्र थांबवू नये. घड्याळात दहा सेकंद झाले की आवाज परत वाढवावा. मुलाची सम आणि यंत्राची सम एकत्र आली तर उत्तम. मूल आधीच पोचून वाट पाहत असेल तर ते घाई करते, यंत्र पुढे निघून गेले असेल तर ते रेंगाळते. मग तीन आवाजाची आणि एक मुकी ऐवजी दोन-दोन, मग एक आवाजाची आणि तीन मुकी. तीन मुक्या आवर्तनांनंतर सम जुळू लागली की त्या गतीला लय मुलाच्या अंगात उतरली असे म्हणायला हरकत नाही. त्यानंतर गती बदलून पुन्हा पहिल्यापासून.

आणखी सोपी मोजणी अशी: चार मात्रा ठोके ऐकून मेट्रोनोम बंद करायचा आणि झपतालाची दहा आवर्तने वाजवायची. ६० च्या लयीत शंभर मात्रांना बरोबर शंभर सेकंद लागले पाहिजेत. पंच्याण्णव सेकंदांत संपले तर सरासरी लय ६३ झाली, एकशे दहा लागले तर ५५ च्याही खाली उतरली. रोजचा आकडा वहीत लिहून ठेवावा. आकडा नुसता सरासरीचा असतो, आधी धावून मग रेंगाळलेलाही शंभरात संपवू शकतो. म्हणून ही मोजणी आवाज बंद करण्याच्या सरावासोबत करावी, त्याच्याऐवजी नाही.

लय सर्वांत जास्त बिघडते ती तिहाईत, म्हणजे एकच ओळ तीनदा वाजवून समेवर येण्यात. सम दिसू लागली की हात धावतो. ‘तिट कत गदि गन धा’ ही पाच मात्रांची ओळ, मध्ये एक-एक मात्रा थांबून तीनदा: पाच, एक, पाच, एक, पाच, मिळून सतरा. तीनतालाच्या समेपासून उचलली की शेवटचा ‘धा’ पुढच्या समेवर. पहिला ‘धा’ पाचव्या मात्रेवर म्हणजे टाळीवर येतो, दुसरा अकराव्यावर. मुले तिसऱ्या ‘धा’कडेच लक्ष देतात आणि दोन विश्रांतीच्या मात्रा खातात. सहाव्या आणि बाराव्या मात्रेला काहीच वाजवायचे नाही, तिथे मोठ्याने ‘एक’ म्हणायला लावावे. टाळी-खालीलाच ठोका ठेवून वाजवली तर पहिला ‘धा’ ठोक्यावर, दुसरा ठोक्याशिवाय आणि तिसरा पुन्हा ठोक्यावर असा ताळा रोज घेता येतो.

लयकारीबद्दल थोडे. एकच ठेका ठायीत म्हणता म्हणता त्याच आवर्तनात दुगुन, तिगुन, चौगुन करून समेवर यायचे, तर सुरुवात कुठून हे गणिताने ठरते. तीनतालाची दुगुन आठ मात्रांत मावते, ती नवव्या मात्रेपासून उचलायची. चौगुनीला चार मात्रा, म्हणजे तेराव्यापासून. तिगुनीला पाच मात्रा आणि एक तृतीयांश लागतात, त्यामुळे ती अकराव्या मात्रेचे दोन भाग सोडून तिसऱ्या भागापासून सुरू होते. झपतालात दुगुन सहाव्या मात्रेपासून, चौगुन आठव्या मात्रेच्या मध्यापासून, तिगुन सातव्या मात्रेच्या तिसऱ्या भागापासून. मुले हे ताल लिहिण्याच्या लिपीतल्या कंसांवरून पाठ करतात. पाठ झालेले वेगळ्या लयीत टिकत नाही. ४० ठोके लावून प्रत्येक मात्रेत ‘त-कि-ट’ म्हणत त्याच जागेवरून उचलले की पाठ करायचे उरतच नाही. तिगुनीत खास चूक अशी की तीन समान भागांऐवजी एक लांब आणि दोन आखूड होतात, घोड्याच्या टापांसारखे. आडीसाठी, म्हणजे दोन मात्रांत तीन अक्षरांसाठी, सोपी युक्ती आहे. मेट्रोनोम १८० वर लावा. दर तीन ठोक्यांना एक टाळी वाजवली की मात्रांची लय ६० झाली. आता दर दोन ठोक्यांना एक अक्षर म्हणा. सहा ठोक्यांत दोन टाळ्या आणि तीन अक्षरे. जमले की १८० काढून ६० ठेवा. दुसरी टाळी दुसऱ्या आणि तिसऱ्या अक्षराच्या बरोबर मध्ये पडली पाहिजे.

साधनांच्या बाबतीत तीन-चार गोष्टी पालकांनी पाहाव्यात. ब्लूटूथ इयरफोनमध्ये आवाज थोडा उशिरा पोचतो, सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यापासून पाव सेकंदापर्यंत. नुसते कानाने ऐकून वाजवायला त्याने फारसे बिघडत नाही, कारण उशीर प्रत्येक ठोक्याला सारखाच असतो. पण मूल पडद्यावरचा लुकलुकणारा दिवा पाहत असेल तर डोळा आणि कान यांचे भांडण लागते. रियाज रेकॉर्ड करून तपासताना तर बरोबर वाजवलेलेही उशिरा वाजल्यासारखे ऐकू येते. १२० च्या लयीत मात्रा अर्ध्या सेकंदाची, तिच्यात पाव सेकंद म्हणजे अर्धी मात्रा. तारेचा इयरफोन वापरावा, तोही एकाच कानात, आवाज कमी ठेवून, म्हणजे दुसऱ्या कानाला वाद्य ऐकू येते. ठोका जेमतेम ऐकू यावा इतकाच हवा. हात बरोबर ठोक्यावर पडला की ठोका वाद्याच्या आवाजात बुडून जातो, ऐकूच येत नाही. विद्यार्थी घाबरतात की यंत्र बंद पडले. तीच बरोबर आल्याची खूण आहे. ठोका सतत वेगळा ऐकू येत असेल तर हात मागे किंवा पुढे आहे. किल्लीचा लंबकाचा मेट्रोनोम घरी असेल तर तो सपाट टेबलावर ठेवावा. तिरका राहिला की तो लंगडतो, टिक आणि टॉकमधले अंतर कमीजास्त होते आणि मूल तीच लंगडी लय शिकते. त्यात वजन वर सरकवले की लय संथ होते आणि खाली आणले की जलद, हेही नवीन मुलांना उलटे वाटते.

मेट्रोनोम कुठे लावू नये, हेही सांगायला हवे. आलाप आणि स्वरसाधना यांना फक्त तानपुरा पुरे. केरव्याची, दादऱ्याची लग्गी (हलक्याफुलक्या गाण्यांसोबत वाजणारे चपळ बोल) शिकताना बोलांमधले वजन यंत्रासारखे समान नसते, ते कानाने उचलायचे असते. तिथे आवर्तनाच्या समेपुरताच ठोका ठेवावा. बडा ख्याल (संथ लयीत सुरू होणारे ख्यालगायन) जसा रंगतो तशी लय हळूहळू वाढत जाते आणि ती गायक-तबलजी मिळून वाढवतात. साथ शिकणाऱ्या मुलाने आठवड्यातून एकदा तरी यंत्राशिवाय, माणसाबरोबर वाजवलेच पाहिजे. भजनी मंडळात लहानपणापासून टाळ धरणाऱ्या मुलांची लय पक्की असते, ती याचमुळे. तिथे चाल बदलली की वीस माणसांबरोबर आपणही बदलायचे असते आणि टाळ हातात असल्याने नुसते ऐकत बसायची सोय नसते.

रोजच्या अर्ध्या तासातली पाच मिनिटे हातावर ताल, दहा मिनिटे भरपूर ठोक्यांवर अडलेल्या जागेचे काम, दहा मिनिटे कमी ठोक्यांवर आणि शेवटची पाच मिनिटे यंत्र पूर्ण बंद, अशी वाटणी आम्ही सुचवतो. क्लास चालवणाऱ्यांनाही एक विनंती आहे. महिन्यातून एकदा प्रत्येक विद्यार्थ्याकडून झपतालाची ती दहा आवर्तने यंत्राशिवाय वाजवून घ्यावीत आणि लागलेले सेकंद त्याच्या वहीत लिहून पालकांना दाखवावेत. या मोजणीला भिंतीवरचे घड्याळ पुरते.

आपले,
तबला व हार्मोनियमचे काही शिक्षक, मिरज